दुमजली डीव्हीडी

सोमवार

सकाळी ताईचा फोन. "कशी आहेस" वगैरे तिच्यात बसत नाही. थेट म्हणाली, "मुलाकडे जायचं ठरलं. कायमचं. पुढच्या शनिवारी सामान जाईल, रविवारी मी."

जाणार, जाणार हे वर्षभर ऐकत होते. तरी हातातला चहा तसाच राहिला. मी काही बोलायच्या आत ती पुढे म्हणाली, "आईच्या पंच्याहत्तरीची डीव्हीडी आहे ना तुझ्याकडे? तिची एक प्रत करून दे मला. ती पेनड्राइव्हची काडीबिडी नको, मला टीव्हीवर लागते तीच हवी."

"देते की गं."

"अख्खी दे. तो प्रश्न तेवढा गाळ." आणि फोन ठेवला.

कुठला प्रश्न हे तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. दुपारी यांचा डोळा लागल्यावर डीव्हीडी लावून बसले. निम्म्याच्या सुमाराला तो प्रसंग येतो. आई केकच्या मागे, नवी साडी, कुणीतरी डोक्यावर कागदी टोपी घातलेली. मी तिच्या उजव्या हाताला सुरी घेऊन उभी. ताई दाराशी पाहुण्यांपाशी. फोटोग्राफर कॅमेऱ्यामागून विचारतो, "आजी, दोघींतली लाडकी लेक कोण?" आई म्हणते, "आता या वयात खोटं कशाला बोलू?" मग मान वळवते, माझ्याकडे बघते आणि थांबते. चांगली थांबते. सगळं घर कानांत प्राण आणून थांबतं, केकवरच्या मेणबत्तीची ज्योतसुद्धा हलत नाही. मग आई म्हणते, "थोरलीच!" आणि हशा.

पहिल्यांदा सगळ्यांनी मिळून बघितली तेव्हा आमचे हे भर सभेत म्हणाले होते, "सासूबाईंना फारच विचार करावा लागला बुवा!" सगळे खो खो हसले. ताईही हसली. त्यानंतर डीव्हीडी लावली की तो प्रश्न यायच्या जरा आधी ताई उठते. "चहा टाकते," म्हणते. पुढे पुढे तर आमच्याकडे यायचंच कमी झालं. "कामं असतात गं." नवऱ्यामागे एकट्या बाईला कामं असतात खरी, पण एवढी?

मला मात्र ताईचं कळत नाही. शेवटी नाव तिचंच घेतलंय ना आईने? मग आणखी काय हवं माणसाला!

प्रश्न गाळायचा नाही हे मी ठरवलंय. आईच्या तोंडचे शब्द काढून घ्यायचे म्हणजे काय? मिशनच्या शाळेत वहीचं एक पान फाडलं तरी सिस्टर दुसरीकडची सुटलेली पानं शोधून काढायच्या. ती सवय हाडात गेलीय.

मंगळवार

लेकीला फोन केला. "अगं आई, आता कोण डीव्हीडी करतं!" म्हणून आधी पोटभर हसली. मग शहाण्यासारखी वागली. लॅपटॉपमध्ये डीव्हीडीचा कप्पा आहे का ते मला बघायला लावलं. आहे. जुना असल्याचा असाही फायदा. "अगदी नवशिक्यांसाठी" असलेली माहिती पाठवते म्हणाली, आणि कोऱ्या डीव्हीडी आणायला सांगितल्या. "मूळ दोन थरांची आहे का ते बघ."

मी डीव्हीडी उलटी करून पाहिली. मागे चकचकीत आरसा, त्यात मी. थर काही दिसेनात.

"थर दिसत नसतात आई. वर काय लिहिलंय?"

वर छापलेल्या फोटोत आई हसत होती आणि तिच्या पायाशी बारीक अक्षरांत 'डबल लेयर' लिहिलं होतं. इतक्या वर्षांत मी ते वाचलंच नव्हतं.

बुधवार

कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. दोन थरांची कोरी डीव्हीडी मागितली तर दुकानदाराने अशा नजरेने पाहिलं की जणू मी दौत आणि टाक मागितलाय. "काकू, आता हे बनतं की नाही तेच मला माहीत नाही." मग शिडी लावून वरच्या फळीवरून एका थराच्या कोऱ्या डीव्हीडींचा डबा काढला. त्यावरची धूळ दोघांनी मिळून झटकली. "हा सगळाच घेऊन जा. पहिल्या दोनचार वाया जातात."

"माझ्या नाही जायच्या," मी म्हटलं.

घरी येऊन लेकीने पाठवलेलं वाचलं. छान सोपं लिहिलंय. एका थराची डीव्हीडी म्हणजे बैठं घर. दोन थरांची म्हणजे दुमजली. जवळजवळ दुप्पट सामान मावतं. वाचणारा किरण आधी एक मजला पुरा करतो, मग दुसऱ्यावर चढतो. तिथे काही प्लेअरमध्ये चित्र अडखळतं, यंत्र बिघडलं असं समजू नये. बरं, नाही समजत. माझी अडचण वेगळीच आहे. दुमजली घरातलं सामान बैठ्या घरात कसं कोंबायचं?

त्याला वाटा तीन. सगळं दाबून लहान करायचं, नाहीतर नको ते गाळायचं, नाहीतर दोन डीव्हीडींत वाटून टाकायचं.

संध्याकाळी ताईला फोन केला. तिचंही तेच चाललं होतं. तीन खोल्यांचं सामान मुलाकडच्या एका खोलीत. "कपाट जाणार, पलंग जाणार नाही. तो घडीचा पलंग देणार म्हणे. माझी घडी घातली की झालं."

मला हसू आलं. तिला नाही.

गुरुवार

पहिली डीव्हीडी. मूळ डीव्हीडीतलं सगळं लॅपटॉपवर उतरवलं, दाबण्याचा प्रोग्रॅम चालवला, निघालेलं माउसने उचलून कोऱ्या डीव्हीडीवर टाकलं आणि राइट केलं. तेवढा वेळ लॅपटॉपला कुणी हात लावू नये म्हणून शेजारी खुर्ची टाकून राखण करत बसले. लॅपटॉपवर झकास लागली. टीव्हीच्या प्लेअरने मात्र तिला ओळखच दिली नाही. "नो डिस्क."

लेक म्हणाली, "तू ती फाइली ठेवायची डीव्हीडी केलीस. 'व्हिडिओ डीव्हीडी' असं निवडायचं असतं."

"म्हणजे घर बांधलं, पण दार ठेवायला विसरले?"

"अगदी तस्सं."

हे म्हणाले, "टाकू नकोस. चहाचा कप ठेवायला बरी आहे." लगेच ठेवलाही.

शुक्रवार

दुसरी लागली! पण सगळं इतकं दाबलं गेलंय की जरा कुणी हललं की चेहऱ्याचे चौकोन होतात. आई हसली की गालावर शिवणकामाच्या वर्गातला चौकटीचा कपडा. गर्दीत तर कोण कुठला, काही पत्ता लागत नाही. हे आपला चेहरा शोधत टीव्हीला नाक लावून बसले. "हा मी. नाही, हा दिवा आहे."

ही ताईला द्यायची? आयुष्यभर जपायला? छे.

कपाखाली दुसरी गेली.

रविवार

काल दिवसभर गाळण्यात गेला. नको ते काढलं की उरलेल्याला जागा मिळते, चित्र स्वच्छ येतं. सुरुवातीला पाखरं आणि बदाम उडतात ते काढलं. फोटोग्राफरने आपल्याच दुकानाची जाहिरात घातली होती, ती काढली. मग जेवणाची पंगत. फोटोग्राफर एकेकाच्या ताटावर कॅमेरा धरून किती वेळ फिरलाय! लोकांचे घास कोण बघतं? काढली.

यांनी मात्र घर डोक्यावर घेतलं. "त्या जेवणात मी आहे!"

"तुम्ही दुसऱ्यांदा वाढून घेताय एवढंच आहे त्यात."

"मग? चित्रपटात माझं तेवढंच तर काम आहे. तुझ्या माहेरच्या डीव्हीडीत जावयाला काही किंमत?"

"अहो, ताईच्या प्रतीतून काढतेय. मूळ डीव्हीडीत तुम्ही जेवतच राहणार आहात."

तेवढ्यावर गाडी रुळावर आली.

सोमवार

काय झालंय ते नीट लिहायला हवं.

तिसरी प्रत झाली. चित्र आरशासारखं. आनंदाने यांना हाक मारली, दोघं बघत बसलो. प्रश्न आला. आई म्हणाली, "आता या वयात खोटं कशाला बोलू? थोरलीच!"

एका दमात. मधे काही नाही. मान वळली, नजर माझ्यावरून गेली आणि सरळ दाराकडे, ताईकडे. नजर थांबलीच नाही.

मी मागे नेऊन पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

"बरं झालं की," हे म्हणाले. "आता ताई रागावणार नाहीत."

"बरं काय झालं? आईचं थांबणं गेलं कुठे?"

माझ्या लक्षात आलं ते असं: मी 'गाळा' म्हटलं आणि त्या प्रोग्रॅमने ते फारच मनावर घेतलं. जिथे कुणी बोलत नाही ते बिनकामाचं, असा त्याचा समज झाला असणार. पण ते बिनकामाचं नव्हतं! आई विचार करत होती. माणसाचा विचार असा परस्पर कापून टाकायचा का? ही प्रत दिली तर ताई खूश होईल, पण ती खोटी डीव्हीडी होईल. सिस्टर भरतकाम हातात घेतल्या घेतल्या आधी उलटं करायच्या. पुढून कितीही सुंदर असो, मागे गाठ लपवलेली दिसली की उसवा. ही मी उसवणार.

यात माझा काही स्वार्थ नाही. फक्त खरं काय ते राहावं.

मंगळवार

आज काहीही न गाळता, फार न दाबता, दोन डीव्हीडींत वाटणी केली. म्हटलं, आता तरी आईला श्वास घ्यायला जागा मिळेल. प्रोग्रॅमने बरोबर मध्यावर कापलं. पहिली डीव्हीडी लावली. फोटोग्राफरने विचारलं, आई म्हणाली, "आता या वयात खोटं कशाला बोलू?" आणि पडदा काळा. डीव्हीडी संपली! उत्तर दुसऱ्या डीव्हीडीवर.

हे पोट धरून हसले. "घे! तुला थांबायलाच हवं होतं ना? आता पहिली काढेपर्यंत, दुसरी सापडेपर्यंत, चष्मा शोधेपर्यंत सासूबाई विचार करतील!"

मी हसले नाही. मग हसले.

बुधवार

आज कपाळावर आठ्या घालून पुन्हा एका डीव्हीडीवर केली. थोडं गाळलं, थोडं दाबलं. यांना थोडा वेळ जेवू दिलं. आई थांबत नाही ती नाहीच. नजर माझ्यावरून जाते, रस्त्यावरच्या खांबावरून जावी तशी.

यांना विचारलं, "तुम्हाला आठवतं का हो, खरंच त्या दिवशी आई थांबली होती?"

"मी कुठे होतो? मी जेवत होतो. जे तू कापलंस."

मीही तिथे होते. पण मला आठवतो तो केक, हाताला लागलेलं क्रीम आणि सुरी पुसायला फडकं सापडत नव्हतं ते. बाकी जे आठवतं ते डीव्हीडीतलंच.

यांनी मला निरखून पाहिलं. "तू एवढी का लागलीयस त्याच्यामागे?"

"खरं राहावं म्हणून."

"हं," म्हणाले. कधी नव्हे तो चहा त्यांनी केला.

शुक्रवार

काल काहीच केलं नाही. आज दोन्ही घेऊन ताईकडे गेले, मूळही आणि प्रतही. ताईसमोर ठेवायच्या आणि सांगायचं: आईचं थांबणं मला जमलं नाही, ते मुळात आहे, प्रतीत नाही.

तिच्या घरात खोकीच खोकी. भिंतींवर तसबिरींच्या जागी फिकट चौकोन. टीव्ही आणि प्लेअर मात्र अजून जागेवर. "ते शेवटी बांधायचं," ताई म्हणाली. "आधी बांधलं तर संध्याकाळी भिंतीकडे बघत बसावं लागेल."

"ताई, मी तो प्रश्न गाळला नाही."

"मग नको मला."

"ऐकून तर घे."

"इतकी वर्षं ऐकलंच. तुझ्या नवऱ्याने तर सगळ्यांना ऐकवलं."

मी प्रत लावली, तिथवर पुढे नेली. ताई सवयीने स्वयंपाकघराकडे निघाली. पण चहाचं सामान खोक्यात गेलेलं, म्हणून दारातच उभी राहिली. पाठ माझ्याकडे. आईचा आवाज आला, "आता या वयात खोटं कशाला बोलू? थोरलीच!"

ताई वळली. मग म्हणाली, "कापलंस."

"नाही गं."

"मधलं कापलंस. मला बरं वाटावं म्हणून. धाकटे, माझी कीव नकोय मला कुणाची."

"ताई, आईची शपथ, मी कापलं नाही. उलट पुन्हा पुन्हा घालायला बघितलं!"

हे ऐकायला किती वेडगळ वाटतं ते मला तेव्हा कळलं. म्हटलं, थांब, मूळ दाखवते. मूळ लावली. प्रश्न आला, आई वळली, माझ्याकडे बघितलं… आणि एवढंसं अडखळून लगेच "थोरलीच!"

आता मीच चक्रावले. आमच्याकडे एवढी थांबणारी आई इथे नुसती ठेच लागल्यासारखी!

ताईने पदराने टीव्हीची काच पुसली. "परत लाव."

लावली.

"परत." मग माझ्याकडे न बघता, "तुझ्याकडे किती थांबते?"

"चांगली थांबते. चहाचा एक घोट होतो."

"आणि माझ्याकडे उचकी. एकच आई, एकच डीव्हीडी. मग तुझ्या घरी ती जास्त विचार करते आणि माझ्या घरी कमी, असं का?" ती टीव्हीच्या अगदी जवळ गेली. "आणि ही मेणबत्ती बघ. ज्योत पण थांबते. मेणबत्ती कसला विचार करत होती गं?"

लेकीने पाठवलेल्या माहितीतलं ते वाक्य मला तेव्हा आठवलं. खरं म्हणजे आधीच आठवायला हवं होतं. मीच तर लिहून ठेवलं होतं. मी खोक्यावर बसले. म्हटलं, "ताई, ही दुमजली आहे. किरण वरच्या मजल्यावर चढताना चित्र अडखळतं. आमचा प्लेअर जुना, त्याला जिना चढायला जास्त वेळ लागतो. नेमका तिथेच जिना आहे."

"म्हणजे आई थांबलीच नव्हती?"

"नाही."

"एका दमात म्हणाली?"

"एका दमात."

ताई माझ्याशेजारच्या खोक्यावर बसली. खोक्यात काहीतरी काचेचं कचकन् वाजलं. तिने तिकडे बघितलंसुद्धा नाही. "अगं, म्हणजे इतकी वर्षं मी प्लेअरवर रुसले होते?" आणि हसायला लागली. आई हसायची तशीच, खांदे हलवत, आवाज न करता. हसता हसता डोळे पुसायला लागली, आणि मग नुसतीच पुसत राहिली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. आमच्यात ते नसतं. तिने हात झटकला नाही.

जरा वेळाने म्हणाली, "लाव ना परत. प्रत लाव, ती सरळ म्हणते ती."

आम्ही प्रत पाहिली. पुन्हा पाहिली. तिला फार आवडली. दर वेळी "थोरलीच" आलं की माझा गुडघा दाबायची. मीही हसत होते. मला बरंच वाटलं, अगदी खरंच बरं वाटलं.

मग तिने एकदम विचारलं, "तू कशाला गं पुन्हा पुन्हा घालायला बघत होतीस ते थांबणं?"

"खरं राहावं म्हणून."

"ती तुझ्याकडे बघून थांबायची."

"हो. म्हणजे, तिथे उभी मीच होते ना."

ताई माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, आता निघते, यांचं औषध असतं. यांना कसलंही औषध नाही. का म्हटलं कोण जाणे.

रविवार

ताई गेली.

सकाळीच आम्ही दोघं पोचलो. घर रिकामं, बोललं की आवाज घुमत होता. ताईने आमच्या ह्यांना दारातच धरलं. "काय हो, सासूबाईंना फार विचार करावा लागला ना?"

हे कान पकडून म्हणाले, "चुकलो. प्लेअरला लागला."

"आणि मी ऐकलंय की तुम्हाला जेवणातून काढलं?"

"थोडा ठेवलाय. एक घास."

प्रत तिने ट्रंकेत ठेवली नव्हती. हातातल्या पिशवीत, चष्म्याच्या घराशेजारी ठेवली होती. वरचं अक्षर माझं. शाळेत गिरवून गिरवून वळण लागलेलं, तरी 'पंच्याहत्तरी'ची शेवटची वेलांटी डीव्हीडीच्या भोकात गेलीय. तिने ते मला दाखवून चिडवलं.

गाडीत बसताना मीच जास्त बोलत होते. पोचल्यावर फोन कर, घडीच्या पलंगाला जाड गादी घे, सुनेला पहिल्याच दिवशी शिकवायला जाऊ नकोस. ती "बरं आई, बरं आई," म्हणत होती. पूर्वी असं बोलली असती तर टोमणा वाटला असता.

गाडी सुरू झाली तशी तिने काच खाली केली. "धाकटे, मूळ डीव्हीडी तुझ्याकडेच राहू दे. आणि तो जुना प्लेअर बदलू नकोस."

"कशाला बदलू? चांगला चालतोय."

"तेच म्हणतेय मी," ताई म्हणाली.